मराठवाड्याचा मध : आपल्या शिवारात माशीसाठी काय उरलंय?

बालाघाटी (धागाकर्ता)

मध म्हटलं की महाबळेश्वर, फार तर मेळघाट. मराठवाड्यातही मध होतो म्हटलं तर इथलीच माणसं विचारतात, "आपल्याकडं कुठलं आलं जंगल?" म्हणून हा धागा काढतोय. आठही जिल्ह्यांतल्या मंडळींनी आपापल्या शिवाराचं लिहावं.

मी बीड जिल्ह्यातला, केज-अंबाजोगाईच्या बाजूचा. वर बालाघाटाचं मुरमाड बरड आणि खाली मांजरेच्या खोऱ्यातली काळी जमीन. आमच्याकडचा मध या दोन्हींच्या सांध्यावर होतो. बरडावर बोर, हिवर, खैर, बाभूळ. काळीत तूर, करडई, सूर्यफूल, शाळू (रब्बी ज्वारी). मधल्या बांधांवर लिंब, करंज, चिंच. माशीला घनदाट जंगल लागतंच असं नाही. एक फुलोरा सरायच्या आत दुसरा सुरू व्हावा, एवढं मात्र लागतं.

आमच्याकडचा क्रम असा. पाऊस उतरणीला लागला की हिवर आणि बोर. ज्यांच्याकडं अजून तीळ-कारळं आहे त्यांच्याकडं तेही. दिवाळीनंतर तूर. थंडीत करडई, सूर्यफूल आणि शाळू. शाळूच्या कणसात मकरंद नसतो, पण सकाळी सकाळी माशा पराग गोळा करायला येतात आणि त्या परागावर पोळ्यातली पिल्लं वाढतात. माघ-फाल्गुनात कांद्याचे डेंगळे (बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याचे फुलांचे दांडे), मोसंबीचा आंबे बहार, शेवगा, पळस, पांगारा, सावर. चैत्रात लिंब, मागोमाग करंज. उन्हाळा संपता संपता चिंच. मग आषाढ-श्रावण तंगीचे.

आमच्या भागाची ओळख असलेलं सीताफळ यात धरलेलं नाही. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मला अभिमानही आहे, पण त्याचं परागीभवन बारीक भुंगेरे करतात. मधमाशीला त्या फुलात फारसं काही नाही.

आता मुद्द्याचं. हा क्रम कागदावर पूर्ण दिसतो, शिवारात तो जागोजागी तुटलाय. खरिपात सगळीकडं सोयाबीन, रब्बीत हरभरा, पाणी असेल तिथं ऊस. सोयाबीन आणि हरभरा दोन्ही स्वपरागीत, त्यांना माशीची गरज नाही आणि माशीलाही त्यांच्याकडून फार मिळत नाही. उसाच्या तुऱ्यातही मकरंद नसतो. म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला हिरवंगार दिसणाऱ्या रानात माशी उपाशी असते. त्यात बांध कोरून कोरून पायवाटेएवढे राहिलेत, बांधावरची झाडं गेली, गायरानावरची बोरं-हिवरं गेली.

आणि नेमक्या याच काळात मधमाशीपालनाच्या पेट्या वाटल्या जातायत. खादी आयोगाचं हनी मिशन २०१७ पासून आहे. २०२० मध्ये केंद्रानं राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाला ५०० कोटींची मंजुरी दिली. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. चांगलंच आहे हे सगळं. पण मांघरला भोवताली जंगल आहे. आपल्याकडं पेटी येते, दोन महिने कौतुक होतं, श्रावणात माशा उडून जातात आणि रिकामी पेटी गोठ्यात पडते. त्या शेतकऱ्याला कुणी फुलोऱ्याचं विचारलेलंच नसतं.

माझं म्हणणं एवढंच की मराठवाड्यात पेटीच्या आधी फुलोरा मोजला पाहिजे. तुमच्या तालुक्यात कोणत्या महिन्यात काय फुलतं आणि कुठं खंड पडतो, ते लिहा.

परभणीकर

धागा आवडला. करडईबद्दल थोडं.

करडई सुटण्याचं मोठं कारण काटे आणि मजुरी. भर उन्हात हातमोजे घालून, पाय गुंडाळून काढणी करायला कोण येतंय? आता हार्वेस्टरनं काढणी होते, त्यामुळं ही अडचण बरीच कमी झालीय. फलटणच्या निंबकर संस्थेचं नारी-६ हे बिनकाट्याचं वाण आहे. आपल्या परभणीच्या विद्यापीठाचं परभणी कुसुम काटेरी असलं तरी कोरडवाहूत भरवशाचं. मुळं खोल जातात, एखाद्या पाण्यावर किंवा नुसत्या ओलीवर पीक येतं, रानडुकरं आणि जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. एवढे गुण असलेलं पीक आपण हरभऱ्यापायी सोडलं.

सूर्यफुलाचं तर उघडच आहे. माशी नसेल तर फुलाच्या मधल्या भागात दाणा पोचट राहतो. लोक खताला आणि बियाण्याला दोष देतात. पूर्वी शेतात माणसं सकाळी फुलावर फूल घासायची किंवा हाताला मऊ फडकं गुंडाळून फुलांवरून फिरवायची. अजूनही करतात काही जण. तेच काम पेटी ठेवली तर दिवसभर चालतं. मेलिफेराच्या (पेटीत पाळतात ती मूळची परदेशी माशी) हेक्टरी ५ पेट्या अशी सर्वसाधारण शिफारस असते.

स्वाती_निलंगा

वाचनखूण साठवली. लातूरच्या बाजूनं रात्री सविस्तर लिहिते.

माहूरचा_पांदण

आमच्या किनवट-माहूरकडं यायचं असंल तर जंगल हाय बरं का दादा. साग, मोहा, पळस, धावडा. पैनगंगेच्या कडंनं मोठाली झाडं हाईत, त्याला आग्या मव्हळ लागतंय. एकेका झाडाला धा-धा लागल्यालं बघितलंय.

पर मव्हळ झाडायची रीत बिघडली. आमचं आज्जा पाल्याचा धूर द्यायचे, माशी बाजूला सरली की वरच्या कोपऱ्यातला मधाचा तेवढा भाग कापून घ्यायचे. खाली पिल्लांचा भाग तसाच ऱ्हायचा. माशी परत बसायची, पंधरा-वीस दिसानं परत मध भरायची. आता पोरं रात्रीला टेंभा लावत्यात, समदं मव्हळ जाळून खाली पाडत्यात. मधात पिल्लं पिळल्याली, राख, मेलेल्या माशा. तसला मध दोन महिन्यात आंबतो आन् लोक म्हणत्यात जंगलाचा मध टिकत नाय.

जाळलेलं मव्हळ म्हंजी पुढल्या सालाचं बी गेलं. आमच्याकडल्या कोलाम, आंध लोकायला ह्ये समजून सांगायची गरज नाय, त्यायला आधीपासून ठावं हाय. बाहेरून गाडीवर येणाऱ्यायला सांगा.

बालाघाटी

@माहूरचा_पांदण, दादा, हे फार मोलाचं लिहिलंत. त्यात थोडी भर.

२००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण गौण वनोपजात धरलेत. म्हणजे वनावर पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून असलेल्या लोकांना ते गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत, तिथं ग्रामसभेनं "पिल्लांचा भाग कापायचा नाही, रात्री जाळायचं नाही" असा ठराव केला तर बाहेरच्यालाही तो दाखवता येतो. आणि पिल्लांचा भाग न पिळलेला, फडक्यातून गाळलेला मध वेगळा ठेवून वेगळ्या भावानं विकायला हवा. गिऱ्हाईकाला फरक चवीतूनच कळतो.

लेणीवाट

मी छत्रपती संभाजीनगरचा, पर्यटकांना घेऊन फिरतो. आमच्याकडं आग्या मोहोळ म्हणजे मध कमी आणि धास्ती जास्त. अजिंठ्याला वाघूरच्या नालाकृती वळणावर कातळच कातळ, त्यामुळं लेण्यांच्या वरच्या कपारींना मोठमोठी पोळी असतात. दौलताबादच्या किल्ल्यावरही असतात. दर काही दिवसांनी पर्यटकांवर माशा उठल्याची बातमी येते आणि लगेच "पोळी काढून टाका" अशी मागणी सुरू होते.

मला ही मागणी पटत नाही. या माशांना उंच कातळ किंवा उंच झाडं लागतात, त्यातले वड-पिंपळ आता फारसे उरले नाहीत, आणि त्याच माशा गौताळ्याच्या अभयारण्यापासून खालच्या शेतांपर्यंत परागीभवन करतात. आग्या माशी पेटीत राहत नाही. तिला एकच उघडं पोळं लागतं, ऋतू बदलला की ती जागाही बदलते. म्हणजे पाळून वाढवण्याची सोय नाही, राखण्याचीच आहे.

पर्यटकांनी पाळायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत, पण कुणी सांगत नाही म्हणून इथं लिहितो. भडक अत्तर लावून येऊ नका. पोळ्याखाली धूर, फटाके, मोठा आवाज नको. पोळ्याच्या अंगावर लाट सरसरत गेल्यासारखी दिसली की समजा, माशांनी तुम्हाला हेरलंय, मागं फिरा. माशा उठल्या तर हात झाडत एका जागी उभं राहू नका, तोंड झाकून सरळ पळा आणि बंद गाडी किंवा खोली गाठा. पाण्यात उडी मारू नका, माशा वर घिरट्या घालत राहतात. डंख नखानं खरवडून लगेच काढा, कारण रुतलेल्या नांगीच्या वासावर बाकीच्या माशा येतात. जास्त डंख असले किंवा श्वास लागला, अंग सुजलं तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

गंगाखेडची_सून

एक विचारू का? आमच्याकडं एका ओळखीच्या काकांनी करडई-सूर्यफुलाच्या रानातला मध दिला होता. महिन्याभरात बरणीत घट्ट बसला, दाणेदार झाला. सासूबाई म्हणतात साखर घातलीय. काकांवर संशय घ्यायला मन होत नाही.

बालाघाटी

@गंगाखेडची_सून, ताई, काकांवर संशय घेऊ नका. ज्या मधात ग्लुकोजचं प्रमाण जास्त तो लवकर गोठतो. सूर्यफुलाचा मध तर पटकन गोठणाऱ्यांपैकी आहे, थंडीत आणखी लवकर. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो. गॅसवर उकळू नका, वास आणि गुण दोन्ही जातात. नाहीतर तसाच भाकरीला लावून खा, मला तोच जास्त आवडतो.

ग्लासभर पाण्यात थेंब टाकणं, काडी ओली करून पेटवणं, कुत्र्याला चाटायला देणं, या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटनं बाजारातल्या १३ ब्रँडचा मध तपासून घेतला होता. बहुतेक नमुने जर्मनीतल्या प्रगत चाचणीत नापास झाले. साखरेचे पाक आता असे बनतात की इथल्या नेहमीच्या प्रयोगशाळेलाही चकवतात, तिथं पाण्याचा ग्लास काय सांगणार? भरवसा माणसावर ठेवायचा. मधपाळाला विचारा : पेट्या कुठं होत्या, कोणत्या महिन्यात मध काढला, तेव्हा शिवारात काय फुललं होतं? खरा मधपाळ या प्रश्नावर खुलून बोलतो, अर्धा तास थांबत नाही.

आणि घरात तान्हं बाळ असेल तर वर्षाच्या आत मध चाटवू नका, रूढी काहीही असो. मधातल्या जीवाणूच्या बीजांमुळं बाळाला बोटुलिझमचा धोका असतो.

जालना_बियाणे

कांदा बियाण्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या भागात डेंगळ्यांचे प्लॉट भरपूर, आणि कांद्याचं बी माशीशिवाय धरत नाही. पेट्या भाड्यानं आणतो आम्ही.

अनुभवाची गोष्ट : पेट्या फार लवकर ठेवू नका. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त, त्यामुळं माशीला तो तितकासा गोड लागत नाही. फुलं उमलायच्या आधी पेट्या ठेवल्या तर माशा शेजारच्या मोसंबीला किंवा शेवग्याला लागतात आणि मग कांद्याकडं वळत नाहीत. दहा टक्क्यांच्या आसपास फुलं उमलली की पेट्या आणाव्यात.

दुसरं, फवारणी. फुलकिड्यासाठी डेंगळ्यांवर फवारतात. मागं एकदा शेजारच्या प्लॉटवर भर सकाळी औषध मारलं गेलं, दुपारी पेट्यांच्या तोंडाशी मेलेल्या माशांचा सडा पडला. मधपाळ बिचारा रडकुंडीला आला. त्याचं नुकसान झालंच, आमचं बीही कमी धरलं. फवारणी फुलोऱ्याच्या आधी उरकायला हवी, आणि अगदीच टळत नसेल तर दिवस मावळल्यावर. आदल्या दिवशी मधपाळाला फोन करायचा, म्हणजे तो पेट्यांची तोंडं बंद करतो किंवा पेट्या हलवतो. एवढा निरोप दिला तरी बरंच वाचतं.

स्वाती_निलंगा

उशीर झाला लिहायला. मी मेलिफेराच्या पेट्या सांभाळते, मध विकून घरखर्चाला हातभार लागतो. माझ्या दृष्टीनं मराठवाड्यात दोन तंगीचे काळ आहेत, आणि धाग्यात एकाचाच उल्लेख आलाय.

पहिला पावसाळ्यातला, तो बालाघाटीदादांनी लिहिलाच. दुसरा ऐन मे महिन्यातला. आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर जातो. माशांना पिल्लांजवळचं तापमान ३४-३५ अंशांवर राखावं लागतं, मग बऱ्याच माशा फुलं सोडून पाणी वाहायला लागतात, पंख हलवून वारा घालत बसतात. मेण मऊ पडून पोळं चौकटीतून खाली येऊ शकतं. म्हणून पेट्या चिंचेच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत, वर ओलं पोतं, आणि जवळ पसरट भांड्यात पाणी. पाण्यात काड्या, कडबा किंवा खडे टाकायचे, नाहीतर माशा बुडून मरतात. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माणसांचीच ती गत होती, तर रानातल्या माशांचं काय झालं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

तंगीत साखरेचा पाक पाजावा लागतो. यात लपवण्यासारखं काही नाही, वसाहत जगवायची तर द्यावाच लागतो. पण पाक पाजण्याच्या काळात मध काढायचा नाही, आणि फुलोरा सुरू होताच पाक बंद. जो मधपाळ श्रावणात ताजा मध विकतो त्याला जरूर प्रश्न विचारा.

शत्रू म्हणाल तर मेणपतंग सगळ्यात वाईट. वसाहत कमजोर झाली, रिकाम्या चौकटी तशाच राहिल्या की अळ्या जाळी करून सगळं मेण पोखरतात. पेटीतल्या माशा जितक्या चौकटी झाकतील तितक्याच आत ठेवायच्या. वेडा राघू तारेवर बसून माशा टिपतो, पण त्याला मी हाकलत नाही. जोमदार वसाहतीला तेवढ्या माशा गेलेल्या कळत नाहीत.

आणि सगळेच मेलिफेराच्या मागं लागलेत, पण आपल्या कोरड्या मुलखाची खरी माशी फुलोरी आहे. बांधावरच्या झुडपात तळहाताएवढं एकच पोळं, मध जेमतेम वाटीभर. ऊन सोसते, डंखही सौम्य. तिला पेटी नको, योजना नको, फक्त बांधावरचं झुडूप तोडू नका. जुन्या दगडी विहिरींच्या कपारीत सातेरीही (पेटीत पाळता येणारी देशी माशी) सापडते. विहीर बुजवताना आधी आत बघत जा.

परभणीकर

फुलोरीबद्दल +१. बांध पेटवून "साफ" करायची जी पद्धत पडलीय त्यात पहिला बळी तिचा जातो.

येडशीकर

धाराशिवकडून. रामलिंगच्या अभयारण्यात अजून बरं आहे, पण बाहेर शिवारात चिंचा झपाट्यानं चालल्यात. जुन्या चिंचेचं लाकूड व्यापारी उभ्यानं विकत घेतो, शेतकऱ्याला सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी तेच पैसे कामाला येतात. त्याला दोष देणार नाही. पण चिंचेचा फुलोरा पावसाळ्याच्या तोंडावर येतो, पुढच्या तंगीआधीची माशीची ती शेवटची शिदोरी. बालाघाटीदादांच्या क्रमातलं कोणतं एक झाड आधी वाचवावं असं विचाराल तर मी चिंच म्हणेन. नवीन लावायची तर मोठी व्हायला वर्षं लागतात, म्हणून आहे ती टिकवायची. गावात चिंचेचा सौदा कानावर आला तर फळांचा सौदा कर, लाकडाचा नको, असं सांगून बघतो. काही ऐकतात.

औसा_कोरडवाहू

सगळा धागा वाचला. माझं ४ एकर कोरडवाहू, सोयाबीन-हरभरा. बांधावर ३ लिंबं, १ चिंच, बोरीची झुडपं. शेजाऱ्याची तूर असते. योजनेत १० पेट्या मिळतायत म्हणे. घेऊ का?

स्वाती_निलंगा

@औसा_कोरडवाहू, दादा, १० आत्ता नका घेऊ. तुमच्या वर्णनाप्रमाणं बोर, तूर आणि लिंब एवढं तुमच्याकडं आहे, शेवटी चिंच. डिसेंबर ते मार्च पोकळी आहे. यंदा हरभऱ्यात करडईचे पट्टे टाका, बांधाला शेवग्याच्या फांद्या लावा, तो लवकर फुलावर येतो. फुलोऱ्यात एखाद्या मधपाळाला २-४ पेट्या रानात ठेवू द्या, त्याच्याबरोबर पेट्या उघडून बघा, माशी हाताळायला शिका. ते जमलं तर पुढच्या दिवाळीला स्वतःच्या २ घ्या. आणि उन्हाळ्यात मध सगळा काढू नका, पावसाळ्यासाठी निदान दोन-तीन भरलेल्या चौकटी पेटीत राहू द्या.

औसा_कोरडवाहू

बरं ताई. करडईचं बियाणं परभणीहून मागवतो. तुरीवर फवारणी कधी करणार ते शेजाऱ्याला आधीच विचारून ठेवतो.

बालाघाटी

@औसा_कोरडवाहू, शेजाऱ्याला संध्याकाळचंही सांगा. हिंगोलीचं अजून कुणी लिहिलेलं नाही. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडं सध्या काय फुललंय?